लेथवरचं कुंकू

उद्यमनगरात, गल्लीच्या टोकाला,
शेडच्या दाराला कुलूप आहे, कुलपाला किल्ली नाही.
आप्पासाहेब चौगुल्यांनी बिजागरीच उचलली.
"या. वाकून या. वरचा पत्रा लोंबलाय."

चौतीस वर्षं त्यांनी इथं साचे भरले.
आता राखण करतात.
कशाची, ते मालकाच्या पोरालाही सांगता येत नाही.

मी कॅमेऱ्याची चकती फिरवते.
साधा. रंगीत. पुन्हा साधा.
तांबडा-पांढरा दोन्ही वाट्या पुढ्यात घेऊन वाढलेली मी,
मला एक ठेवून एक परत करायची सवय नाही.

साध्यात शेड लगेच शहाणी होते.
पत्र्याच्या भोकांतलं ऊन पट्टीनं आखल्यासारखं पडतं,
भट्टीच्या तोंडात काळोख नीट बसतो,
वाळूच्या ढिगाला वय येतं.
जे झालं ते फार पूर्वी झालं, आणि कुणी केलं नाही,
असं काहीतरी त्या फोटोत आपोआप उतरतं.
प्रदर्शनात लोक अशा फोटोंपुढं हळू बोलतात.

रंगीत केलं की शेड बोलायला लागते, तीही मोठ्यानं.
निळी ताडपत्री. गुटख्याच्या पुड्या.
निवडणुकीच्या पोस्टरवरचा एक गुलाबी गाल, उरलेलं तोंड उंदरांनी नेलेलं.
जयंती नाला उलटा फिरला त्या वर्षीची रेघ,
छातीएवढ्या उंचीवर, दुधाच्या चहासारखी.
आणि गंज.
गंज तर इतका देखणा आलाय
की माझी मलाच लाज वाटली.

बाबांच्या दुकानात, गंगावेशीत,
कृष्णधवल हा शब्दच नव्हता.
पाटीवर दोनच भाव: साधा, रंगवून.
काडीला कापूस गुंडाळून ते नवरीच्या गालावर लाली फिरवायचे,
ब्रशचं टोक जिभेनं करायचे,
संध्याकाळी त्यांची जीभ कुठल्या रंगाची आहे त्यावरून
आई ओळखायची, आज किती लग्नं झाली.
शालू खरा कसला होता ते त्यांना ठाऊक नसायचं.
हिरवा लावायचे. हिरव्याला कोण नाही म्हणतं?

एकदा वडणग्याची एक बाई फोटो घेऊन परत आली.
"माझं लुगडं जांभळं हुतं ओ."
बाबांनी पैसे परत दिले, फोटो ठेवून घेतला.
तो गल्ल्यामागं कित्येक वर्षं टांगलेला होता.
गिऱ्हाईक नसलं की त्याच्याकडं बघत बसायचे,
चुकीच्या हिरव्यात ती बाई, आणि ते.

त्यांच्याकडं रंग यायचाच नाही, म्हणून ते घालायचे.
माझ्याकडं सगळा येतो,
आणि मी विचारत बसते, काढू का.

कोपऱ्यात लेथ. अंगावर बोटभर धूळ,
फक्त चकच्या वर पाच बोटं ओढलेली,
शेवटच्या खंडेनवमीची.
मी साध्यात टिपलं, आप्पासाहेबांना पडद्यावर दाखवलं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"ह्यो डाग कशाचा? ऑइल गळतंय व्हय?"
"कुंकू आहे ते."
"मग दिसंना की."

रंगीत काढलं. दिसलं.
पण नजर आधी गेली ताडपत्रीवर,
तिचा निळा कुणालाच पुढं जाऊ देईना.
"सरकवू का ती बाजूला?" त्यांनी विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता निघालेही.

"राहू दे," मी म्हणाले.
"तिच्याखाली काय आहे?"

"माझं हाथरूण," ते म्हणाले.
"पावसुळ्यात पत्रा गळतोय न्हवं."

मग मी ताडपत्रीसकट काढला, रंगीत,
जरा हललेला आहे.
निघताना त्यांनी बिजागरी परत बसवली, कुलूप ओढून बघितलं,
विचारलं, "रंगीतला जादा पैसं पडत्यात का?"
आता नाही पडत, म्हटलं.
"मग बरं," म्हणाले. "साधा पण एक द्या."